औरंगाबादेत लिहिलेले कवींचे तजकिरे

श्रोतेहो, पानिपतच्या लढाईवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा आणि मजकूर सोडून तळटिपांकडे पाहा. मराठी पत्रं, बखरी आणि फारसी तवारिखांच्या गर्दीत 'खजाना-ए-आमिरा' हे एक नाव आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतं. सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे कसे गेले, अब्दालीने काय केलं, निजामाचं आणि पेशव्यांचं कसं बिनसलं, अशा अनेक गोष्टींसाठी इतिहासकार या ग्रंथाचा हवाला देतात. साहजिकच वाचकाला वाटतं, की ही एखादी तवारीख असेल. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, की हा ग्रंथ कवींचा आहे. फारसी कवींची चरित्रं आणि त्यांच्या निवडक ओळी असं त्याचं स्वरूप. सुमारे सव्वाशे-दीडशे कवी, वर्णानुक्रमाने लावलेले. लढाया त्यात आल्या आहेत त्या ओघाने.

आणि हा ग्रंथ दिल्लीत किंवा इस्फहानमध्ये नव्हे, तर आपल्या औरंगाबादेत लिहिला गेला, 1762-63 च्या सुमारास. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. मी मात्र आज त्या काळच्या कागदांत जे नाव आहे तेच वापरणार आहे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

कवींच्या अशा चरित्रसंग्रहाला फारसीत 'तजकिरा' म्हणतात. शब्द मूळचा अरबी, 'जिक्र' म्हणजे उल्लेख, आठवण, त्यापासून झालेला. हाच 'जिक्र' मराठीत येऊन 'जिकीर' झाला आणि त्याचा अर्थ पार बदलला. तजकिरे लिहिणाऱ्यांचं काम पाहिलं, की आपला मराठी अर्थही अगदीच चुकीचा वाटत नाही. शेकडो माणसांची नावं, गावं, गुरू, मृत्यूची वर्षं गोळा करायची, प्रत्येकाचे दोन-चार तरी बरे शेर मिळवायचे, आणि हे सगळं हाताने लिहायचं. काम जिकिरीचंच.

तजकिऱ्यातली एखादी नोंद कशी असते? कवी सापडतो तो त्याच्या तखल्लुसाने, म्हणजे काव्यासाठी घेतलेल्या नावाने. ते नाव बहुधा लाल शाईत, हिंगुळाने लिहिलेलं. मग खरं नाव, बापाचं नाव, मूळ गाव, कोणाचा शागीर्द, कोणाच्या चाकरीत होता, स्वभाव कसा, लेखक त्याला भेटला होता का, आणि मेला कधी. मग काव्याचा नमुना. कोणाच्या वाट्याला दोन ओळी येतात, कोणाच्या वाट्याला दहा पानं. ज्याला दोनच ओळी मिळाल्या, तो माणूस पुष्कळदा दुसरीकडे कुठेच उरलेला नसतो. त्याचा दीवान हरवलेला असतो, घराणं विखुरलेलं असतं. या दोन ओळी हाच त्याचा सगळा संसार.

ही भीती पहिल्यापासूनच या लेखनामागे आहे. फारसीतला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना तजकिरा म्हणजे औफीचा 'लुबाबुल अल्बाब'. तो सुमारे 1221 साली सिंधकडे, नासिरुद्दीन कुबाचाच्या दरबारात तयार झाला. औफी मूळचा बुखाऱ्याचा. तिकडे चंगीजखानाच्या फौजा शहरांमागून शहरं बेचिराख करत होत्या आणि इकडे हा माणूस त्या शहरांतल्या कवींची यादी करत बसला होता. एडवर्ड ब्राऊन या इंग्रज पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी हा ग्रंथ छापायला घेतला, तेव्हा त्याला आधाराला अवघ्या दोन हस्तलिखित प्रती मिळाल्या. त्या दोन नसत्या, तर फारसीच्या पहिल्या दोन-तीन शतकांतल्या कितीतरी कवींची नावंसुद्धा आपल्याला कळली नसती. बल्खची राबिया ही फारसीतली अगदी सुरुवातीची कवयित्री. तिची दखलही याच ग्रंथात आहे. एरवी तजकिऱ्यांत बायका शोधाव्याच लागतात.

आता औरंगाबादेकडे येऊ.

'खजाना-ए-आमिरा'चे लेखक मीर गुलामअली आझाद बिलग्रामी. 1704 साली अवधातल्या बिलग्राम या गावी जन्म. आजोळ विद्वानांचं, आईचे वडील मीर अब्दुल जलील हे अरबी, फारसीबरोबर हिंदीतही कविता करणारे. आझाद 1737 साली हजला निघाले, मक्का-मदिना करून परत आले ते दख्खनमध्ये, आणि औरंगाबादेत त्यांनी जो मुक्काम टाकला तो कायमचा. पहिली काही वर्षं ते बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात राहिले. तकिया म्हटलं तर कदाचित चटकन लक्षात येणार नाही. पण पाणचक्की म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलेलं आपण पाहतो, हौदातले मासे पाहतो, आणि परत येतो. तिथे फकिरांच्या वस्तीबरोबर मोठा ग्रंथसंग्रह होता, आणि अठराव्या शतकातला हिंदुस्थानातला एक फार मोठा पंडित तिथे बसून लिहीत होता, हे सहलीत कोणी सांगत नाही.

निजामुल्मुल्कचा मुलगा नासिरजंग याच्याशी आझादांचा स्नेह होता. पण दरबारी पद त्यांनी घेतलं नाही. अरबीत त्यांनी इतकं काव्य केलं, की त्यांना 'हस्सानुल हिंद' म्हणत. हस्सान हा प्रेषितांच्या काळातला कवी. त्याची बरोबरी करणारा हिंदुस्थानातला कवी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडचा नायिकाभेद त्यांनी फारसीत समजावून सांगितला. आणि तजकिरे तर एकामागून एक लिहिले. त्यांतला 'सर्व-ए-आझाद' 1752-53 चा. त्याचा शेवटचा भाग मला फार आवडतो. तिथे बिलग्रामच्या मुसलमान कवींनी व्रजभाषेत केलेली कविता आहे, फारसी लिपीत. मौलवी घरातला माणूस, फारसी ग्रंथ, आणि आत दोहे! कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

'खजाना-ए-आमिरा' हा या सर्वांत प्रसिद्ध. नावाचा अर्थ भरलेला खजिना. नावात थोडी गंमत आहे, कारण यात निवडलेले कवी हे राजेरजवाड्यांकडून बक्षीस मिळवलेले आहेत. कोणाला सोन्याने तोललं, कोणाच्या तोंडात मोती भरले, असल्या कथा तजकिऱ्यांच्या जगात फार. पण बक्षीस म्हटलं की देणारा आला; देणारा आला की त्याचं राज्य आलं, आणि राज्य आलं की लढाया आल्या. शिवाय निजामुल्मुल्क स्वतः 'आसफ' या नावाने आणि नासिरजंग 'आफताब' या नावाने फारसी काव्य करीत. त्यामुळे कवींच्या पुस्तकात निजामशाहीचा इतिहास शिरला, त्यामागून मराठे आले, त्यामागून अब्दाली आला.

ग्रंथ लिहिला तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. 1760 च्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे आला. म्हणजे औरंगाबादेतून दिसणाऱ्या डोंगरावर आता पुण्याचा अंमल. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. त्यानंतर निजामअली पुण्याच्या रोखाने चालून गेला; 1763 च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला पुन्हा मराठ्यांनी त्याला हरवलं. या धामधुमीत आझाद लिहीत होते. त्यांनी पेशवाईविषयी लिहिलेलं सगळं आपल्याला गोड वाटेल असं नाही. पुण्याच्या ब्राह्मण कारभाऱ्यांना दुसऱ्याचं उत्पन्न खपत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ती शेजारच्या, हरलेल्या राज्यातल्या माणसाची तक्रार आहे हे जमेस धरून वाचावी, पण वाचावी. आपल्याविषयी शेजारी काय म्हणत होता, हे ऐकण्यासारखं असतं.

माझी खंत वेगळीच आहे. आपण मराठी माणसांनी या ग्रंथातले पानिपताचे उतारे तेवढे काढून घेतले आणि कवी तसेच ठेवून दिले. उर्दू-फारसीच्या अभ्यासकांनी बहुधा उलट केलं. त्यांनी कवी घेतले आणि लढाया सोडल्या. मूळ लेखकाला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नव्हत्या. ज्या माणसाने गझल लिहिली तोच माणूस छावणीत होता.

याचा दाखला म्हणून शाहनवाजखानाची गोष्ट सांगतो. हा निजामाच्या राज्याचा दिवाण, आझादांचा जवळचा मित्र. राजकारणात मर्जी गेली म्हणून 1742 च्या सुमारास काही वर्षं त्याला औरंगाबादेत घरी बसावं लागलं. या सक्तीच्या विश्रांतीत त्याने मुघल सरदारांच्या चरित्रांचा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला, 'मआसिरुल उमरा'. हाही तजकिराच, फक्त कवींऐवजी अमीर-उमरावांचा. भोसले, जाधव ही आपली घराणीसुद्धा त्यात आहेत. कवींचाही एक तजकिरा त्याच्या नावावर आहे. पुढे पुन्हा दिवाणगिरी मिळाली आणि ग्रंथ अर्धवट राहिला. 1758 च्या मे महिन्यात फ्रेंच सेनापती बुसीचा कारभारी हैदरजंग याचा औरंगाबादेत खून झाला आणि त्याच गोंधळात बुसीच्या माणसांनी शाहनवाजखानाला ठार केलं. त्याचं घर लुटलं गेलं. घराबरोबर ग्रंथसंग्रह गेला, आणि त्यात ग्रंथाचं हस्तलिखितही गेलं.

दुसरी प्रत नव्हती. लुटारूच्या दृष्टीने तो कागदाचा गठ्ठा. बांधणीचं कातडं काढून घेतलं, की कागद पुड्या बांधायला. आझाद त्या कागदांच्या मागे लागले. सुमारे वर्षभर शोध केल्यावर हस्तलिखित सापडलं, तेही अपुरं. काही चरित्रं नव्हतीच. मग या पन्नाशी उलटलेल्या माणसाने मित्राची ती पानं लावली, काही चरित्रं स्वतः लिहून घातली, प्रस्तावना लिहिली आणि मित्राचं चरित्र जोडलं. पुढे शाहनवाजखानाचा मुलगा अब्दुल हई याने भर घालून 1780 मध्ये ग्रंथ पुरा केला. आज मुघल काळावर लिहिणारा एकही इतिहासकार या ग्रंथावाचून पुढे जाऊ शकत नाही. माझ्या मते आझादांनी लिहिलेल्या सगळ्या पुस्तकांइतकंच, किंबहुना त्याहून मोठं, हे त्यांचं काम आहे.

आता त्याच शहरातला एक मुलगा. लछमीनारायण त्याचं नाव. घराणं पंजाबातल्या खत्रींचं, वडील मनसाराम निजामाच्या दफ्तरात अधिकारी. 1745 साली औरंगाबादेत जन्म. हा आझादांचा शागीर्द. उर्दूत 'साहिब' आणि फारसीत 'शफीक' या नावाने लिही. सतरा-अठराव्या वर्षी याने उर्दू कवींचा तजकिरा लिहून पुरा केला. भाषा अर्थातच फारसी, कारण उर्दूत कविता करावी आणि तिच्याविषयी बोलावं ते फारसीत, अशी तेव्हा रीत होती. ग्रंथाचं नाव 'चमनिस्तान-ए-शुअरा', कवींची बाग.

या नावात एक खुबी आहे. अरबी-फारसी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला असतो. अलिफ म्हणजे 1, मीम म्हणजे 40, शीन म्हणजे 300 वगैरे. एखाद्या शब्दातल्या अक्षरांच्या अंकांची बेरीज करून साल काढायचं, याला 'तारीख काढणं' म्हणतात. 'चमनिस्तान'ची बेरीज येते 604, आणि 'शुअरा'ची 571. दोन्ही मिळून 1175. हिजरी 1175 म्हणजे इसवी 1761-62. ग्रंथाचं नाव म्हणजेच ग्रंथाचं साल! कागदाचा तुकडा पडला, शेवटचं पान कसरीने खाल्लं, तरी नाव शिल्लक असेपर्यंत साल पुसलं जाणार नाही.

हा ग्रंथ लिहायला या मुलाला एक कारणही झालं असावं असं मला वाटतं. दहा वर्षं आधी, 1752 मध्ये, दिल्लीत मीर तकी मीर यांनी उर्दू कवींचा तजकिरा लिहिला होता, 'निकातुश्शुअरा'. मीर म्हणजे उर्दूतलं केवढं नाव! पण जीभ तिखट. त्यांनी त्यात म्हटलं, की रेख्ता, म्हणजे उर्दू कविता, निघाली दख्खनमधून हे खरं, पण तिकडे धड एक कवी झाला नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करत नाही. वलीला त्यांनी जागा दिली आणि तो औरंगाबादचा हेही नोंदवलं. बाकी दख्खनला हात झटकून मोकळे झाले. दिल्लीच्या यकीन या तरुण कवीविषयी तर, याच्या कविता याच्या स्वतःच्या नाहीत, अशी शंका घेतली. आमचा लछमीनारायण यकीनचा मोठा चाहता. त्याने आपल्या तजकिऱ्यात मीरसाहेबांना चांगलंच सुनावलं. सतरा-अठरा वर्षांचं वय, आणि दिल्लीच्या उस्तादाला औरंगाबादेतून उत्तर! दख्खनच्या कवींना मात्र त्याच्या बागेत हक्काची जागा मिळाली.

त्यांतले एक सिराज औरंगाबादी. ग्रंथ लिहिला तेव्हा ते हयात होते, त्याच शहरात होते. सिराज मोठे गझलकार, पण ऐन उमेदीत पीराच्या सांगण्यावरून त्यांनी कविता करणं सोडलं. सोडलं म्हणजे स्वतःची करणं सोडलं. पुढे 1755-56 मध्ये त्यांनी फारसी कवींच्या दीवानांतून निवडलेल्या ओळींचा एक संग्रह केला, त्याचं नाव 'मुंतखब दीवानहा', म्हणजे निवडक दीवान. बेरीज करून पाहा. 'मुंतखब'चे 1092, 'दीवानहा'चे 77. एकूण 1169, हेच त्याचं हिजरी साल. आपल्याला लिहायचं नाही म्हटल्यावर या माणसाने दुसऱ्यांच्या ओळी उतरवून काढल्या. मला या गोष्टीत काहीतरी फार हळवं दिसतं. त्याहून अधिक त्यावर बोलत नाही.

लछमीनारायण पुढे आणखी दोन तजकिरे लिहून बसला. एक 'शाम-ए-गरीबां', परदेशातून हिंदुस्थानात आलेल्या कवींचा. 'गरीब' या शब्दाचा मूळ अर्थ परका, घरापासून दूर असलेला. परक्यांची संध्याकाळ, असं ते नाव. दुसरा 'गुल-ए-राना', हिंदुस्थानातल्या फारसी कवींचा. गुल-ए-राना हे दोन रंगांचं गुलाबाचं फूल, आणि ग्रंथाचे भागही दोन. पहिल्यात मुसलमान कवी, दुसऱ्यात हिंदू. कायस्थ, खत्री, ब्राह्मण अशा कितीतरी हिंदूंनी फारसीत काव्य केलं होतं, त्यांना एका जागी आणून बसवलं या औरंगाबादच्या खत्र्याने. उतारवयात त्याने मराठ्यांचा इतिहासही लिहिला, 'बिसातुल गनाइम', जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, 1799 च्या सुमारास. तोही पानिपतापर्यंत येऊन थांबतो.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. लछमीनारायणाची बाग फुलली त्याच सुमारास, 1762 मध्ये, गोदावरीच्या पलीकडे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ताहराबादला महिपती 'भक्तविजय' पुरा करत होता. तोही नावं गोळा करत होता. नामदेव, कबीर, चोखोबा, कुठले कुठले संत. त्यांचं गाव, त्यांचा गुरू, त्यांची कथा. नाभाजींचा 'भक्तमाल' त्याच्या पुढ्यात होता, जसा मीरचा तजकिरा लछमीनारायणाच्या पुढ्यात. या दोघांना एकमेकांची वार्ताही नसणार. एकाचा ग्रंथ देवळात वाचला जाणार होता, दुसऱ्याचा मुशायऱ्यांच्या बैठकीत. पण पानिपतानंतरच्या त्या वर्षात या एका टापूत दोन माणसं दोन भाषांत गेलेल्यांची यादी करत बसली होती, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तजकिऱ्यांत सगळं खरं असतं, असं मात्र समजू नका. एक लेखक दुसऱ्याचं उतरवून घेतो, चुकांसकट. मित्राची स्तुती मोठ्या अक्षरांत, प्रतिस्पर्ध्याला चिमटा. ऐकीव दंतकथा तर भरपूर. आणि मग कातिब, म्हणजे नक्कल करणारा लेखनिक, आपल्या परीने भर घालतो किंवा गाळतो. धन्याला कवितेत रस नसेल, तर शेर कमी करून इतिहास तेवढा उतरवतो. धनी रसिक असेल तर उलट. म्हणून एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित प्रती क्वचितच सारख्या असतात. 'खजाना-ए-आमिरा' 1871 मध्ये कानपूरला नवलकिशोर छापखान्यात शिळाप्रेसवर छापला गेला. 'चमनिस्तान-ए-शुअरा' 1928 साली मौलवी अब्दुल हक यांनी संपादून अंजुमन तरक्की-ए-उर्दूतर्फे प्रसिद्ध केला. ही संस्था तेव्हा औरंगाबादेतच होती, म्हणजे ग्रंथ जिथे लिहिला तिथूनच तो छापून निघाला. पण छापील प्रत निघाली म्हणून हस्तलिखितांचं काम संपत नाही. छापताना कोणती प्रत पुढे होती, तिच्यात काय गळलं होतं, हे दुसरी हस्तलिखित प्रत पाहिल्यावाचून कळत नाही.

मराठीत या दिशेने काम झालेलं नाही असं नाही. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' खंडाखंडाने काढलं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, आणि ते स्वतः उर्दू काव्याचे दर्दी होते. पण कवींच्या तजकिऱ्यांपैकी एखादा, लढाया आणि कवी दोन्ही ठेवून, साद्यंत मराठीत यावा, ही गोष्ट मला फार तातडीची वाटते. कारण फारसी हस्ताक्षर सराईतपणे वाचणारी माणसं आपल्याकडे दर पिढीला कमी होत चालली आहेत. नस्तालीक लिपीत कातिब नुकते गाळतो, शब्द एकात एक गुंतवतो. छापील फारसी येणारासुद्धा तिथे अडखळतो. ते वाचायला कोणाशेजारी तरी बसून शिकावं लागतं.

शेवटी थोडं व्यवहाराचं. तजकिरे तयार होत ते लोकांच्या खासगी वह्यांवरून. आवडलेले शेर उतरवून ठेवायची वही, तिला फारसीत 'बयाज' म्हणतात. आपल्याकडचं बाड तेच. मराठवाड्यात, वऱ्हाडात, खानदेशात जुन्या घरांतून, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, दफ्तरांच्या गाठोड्यात अशी वही निघू शकते. वाचता येत नाही म्हणून ती धर्मग्रंथ समजून पुजली जाते किंवा रद्दी समजून टाकली जाते. दोन्हींत ती न वाचताच राहते. अशी वही हाती आली तर फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, कडक उन्हात टाकू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा. सुटी पानं आहेत त्याच क्रमाने ठेवा. क्रम मोडलाच असेल, तर पानाच्या तळाशी कोपऱ्यात एखादा तिरपा शब्द दिसतो का ते पाहा. पुढचं पान त्याच शब्दाने सुरू होतं. समासात कोणी काही खरडलेलं असेल, तर तेही मोलाचं, कारण ते एखाद्या वाचकाने लिहिलेलं असतं. पहिल्या पानावर 'या कबीकज' असं दिसलं तर दचकू नका. कागद खाणाऱ्या किड्यांना धाक बसावा म्हणून घातलेली ती साद आहे, आणि किड्यांनी पुष्कळदा नेमकी तीच जागा खाल्लेली असते. जाणकाराला दाखवताना मात्र वही शेवटून उघडा. मजकूर जिथे निमुळता होत संपतो, तिथे कातिब आपलं नाव, गाव आणि नक्कल पुरी केल्याचा दिवस लिहून ठेवतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)